पहिला ठोका बासचा

वरची वाडी, ता. पोलादपूर
५ नोव्हेंबर २०२४

सुहास कासारे यास गोमाजी उतेकराचा रामराम.

पाकीट बघून दचकू नको. मी जिता हाय. मेलो असतो तर पत्र आलं नसतं, पोरानं व्हाट्सपवर फोटो टाकला असता हार घालून.

फोन का नाय केला म्हणशील. तर कान गेले. डावा पलटणीतच अर्धा गेला होता, तुझ्या त्या अंगाला गुंडाळायच्या पितळी बासच्या शेजारी बसून बसून. उजवा या पावसाळ्यात आपला आपण गेला. मशीन आणलं, ते लावलं की पत्र्यावर वाळू ओतल्यासारखं वाटतं. काढून डब्यात ठेवलं. आता आमची सून समीक्षा पाटीवर लिहिते नि मी वाचतो. या वयात पुन्हा बालवाडी.

पण माझं रडगाणं नाय सांगायचं. तुझी वयनी दसऱ्याच्या आधी चुलीपुढं पडली. उजवं अंग गेलं आणि वाचा पण गेली. महाडला नेली होती. डॉक्टर म्हणाले, आता घरीच न्या, सेवा करा. सेवा करायची म्हणजे काय, बघत बसायचं. डोळे उघडे असतात. ओळखते का नाय, देव जाणे.

आता कामाचं. तिचा डावा हात चालतो. त्या हातानं ती खाटेच्या कडेवर बोटं मारते. एक ठोका सोडते, दोन मारते. एक सोडते, दोन मारते. सून म्हणते झटके हायत. कसले झटके! चौदा वर्षं बँडात हॉर्न फुंकला, मला वाल्सचा, तीन ठोक्यांच्या नाचाचा ताल कळत नाय व्हय?

माझं मन सांगतंय की ती कॅसेट मागते. बँडमास्तरांनी साहेबांच्या मेसमधल्या नाचाच्या रात्री भरलेली, आमच्याच बँडची. जगात कोण वाजवत नाय असले जुने वाल्स नि पोल्का. दुसऱ्या बाजूला शेवटी अठ्ठावीस नंबरचा वाल्स. मी पेन्शनीत निघालो तेव्हा मास्तरांनी माझ्या हातात दिली होती, आणि तुझ्या नातीच्या, श्रुतिकाच्या बारशाला तू ती माझ्याकडून नेलीस. ती धाडून दे बाबा. टेप मी वाडीतून कोणाचा तरी मागून आणीन. मला ऐकू येणार नाय, पण तिचे कान शाबूत हायत. दोघांत मिळून कान तिचे नि वाचा माझी, एवढाच संसार उरलाय.

लवकर कर.

हॉर्नवाला
गोमाजी

—

बिरवाडी
१३ नोव्हेंबर २०२४

गोमाजीदादा,

सप्रेम जयभीम.

तुझं पत्र तीनदा वाचलं. माझ्या डोळ्यांसमोर वहिनी अजून फॅमिली क्वार्टरच्या दारात परात घेऊन बसलेल्याच आहेत.

दादा, कॅसेट नाही. एकवीस सालच्या पुरात आमच्या महाडच्या घरात पाणी माळ्यापर्यंत चढलं. कॅसेट माळ्यावरच होती, उंच म्हणून तिथे ठेवलेली. आम्ही गच्चीवर, आणि खाली सगळा संसार चिखलात. नंतर ती सापडली. मी धुतली, सावलीत वाळवली. फीत भिजलेल्या आमसुलासारखी स्वतःलाच चिकटून बसली होती. ओढली तर तुकडे पडले. ते घर सोडून आम्ही इथे बिरवाडीत आलो, मुलाची कंपनी जवळ म्हणून. तुझ्या कॅसेटचं तुला कळवायचं राहून गेलं. त्या दिवसांत कोणाला काय काय कळवणार होतो?

पण हातपाय गाळून बसू नकोस. ज्या श्रुतिकाच्या बारशाला कॅसेट नेली, ती आता कॉलेजात आहे. ती म्हणते, आजोबा, हल्ली सगळं मोबाइलवर असतं. आणि खरंच रे! परदेशात कोणी एक माणूस आहे, तो ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या गोळा करतो आणि सगळ्यांसाठी मोबाइलवर टाकतो. नुसतं नाचाचं संगीत, तेही विसरलेल्या लोकांचं. कुठल्या तरी गावच्या बँडमास्तरने बायकोच्या नावाने केलेला वॉल्ट्झ, तुझ्या भाषेत वाल्स, कुठल्या बर्फावर घसरायच्या मैदानासाठी केलेला वॉल्ट्झ. शेकड्यांनी आहेत. मी पाच-सहा ऐकले आणि बसल्या जागी मेसचा वास आला.

अडचण एकच. शोधायला नाव लागतं. अठ्ठावीस नंबरचं नाव काय होतं? मास्तर नुसता नंबर ओरडायचे आणि आपण कार्ड काढायचो. आपल्या कार्डावर नंबर, खाली आपापल्या वाद्याची ओळ, बस. नाव असायचं ते मास्तरांच्या मोठ्या कागदावर. इतकी वर्षं वाजवलं आणि दोघांपैकी एकानेही नाव विचारलं नाही. आपण गाढवच.

नाव नाही तर नाही, तू चाल लिहून पाठव. स्वर लिहायला तुला मास्तरांनी शिकवलंच होतं. पुढचं श्रुतिका बघते.

तुझा
सुहास

—

वरची वाडी
२२ नोव्हेंबर २०२४

सुहास,

कॅसेटीचं कळलं. पुरानं माणसं नेली, तिथं फितीचं काय घेऊन बसायचं. पण वाचून दिवसभर घास गेला नाय.

चाल लिहायला बसलो. सुनेच्या पोराची वही घेतली, पाच रेघा मारल्या, वर अठ्ठावीस नंबर लिहिलं. कार्ड अजून डोळ्यांपुढं हाय, कुठल्या कोपऱ्यात चहाचा डाग ते पण सांगतो. भराभरा लिहिलं. दोन पानं झाली. मग चष्मा पुसून वाचलं तर काय?

गप्प, चक, चक. गप्प, चक, चक. गप्प, चक, चक.

दोन पानं हेच! अरे, मला चाल येतच नाय. मला माझी ओळ येते. वाल्समध्ये हॉर्नाला दुसरं काम काय? पहिला ठोका तुझ्या बासचा, मागचे दोन आमचे. वरची चाल पुढं बसलेल्या क्लॅरिनेटवाल्यांची. ते मिशा पिळायचे, मेमसाब त्यांच्याकडं बघून हसायच्या. आम्ही मागं भिंतीला. मधे एक जागा हाय, तिथं सगळे गप्प नि क्लॅरिनेट एकटी वर वर जाते. काय वाजवायची ती? आठवत नाय, कारण मी तेव्हा हॉर्नातली थुंकी काढत असायचो.

मास्तरांचं बोलणं मात्र शब्दाला शब्द ध्यानात हाय. "उतेकर, पहिला ठोका बासचा. बास आला नाय तर हॉर्ननं पुढं जायचं नाय. थांबायचं." तू उशिरा यायचास नि शिव्या मला.

वहीची पानं सोबत जोडली हायत. हसू नको. तू सांग, तुला चाल येते का?

तुझी वयनी तशीच. हात मारते. मी विचारतो, काय गो, काय पायजे? तर नुसती बघते. आणि समीक्षानं पाटीवर लिहिलं की आई दिवसभर हूं हूं करतात, दुखत असंल. डॉक्टरनं दुखण्याची गोळी दिली होती, ती चालू केली. गोळी दिली की झोपते, हात पण थांबतो. तेवढा तरी तिला आराम. दुसरं आपल्या हातात काय हाय?

गोमाजी

—

बिरवाडी
४ डिसेंबर २०२४

दादा,

हसू नको म्हणालास, पण श्रुतिका हसली. मीही हसलो आणि मग मला रडू आलं. कारण मी माझी ओळ लिहायला बसलो. माझ्या कागदावर काय आलं, सांगू? बूम, गप्प, गप्प. बूम, गप्प, गप्प. तुझं पान माझ्या पानाशेजारी ठेवलं. अख्खा वॉल्ट्झ तयार, फक्त गाणं नाही!

श्रुतिकाने तरीही दोन्ही पानांचे फोटो त्या तबकड्यावाल्या माणसाला पाठवले. भला माणूस आहे, उत्तर आलं. म्हणतो, तुमच्या बँडला माझा सलाम, पण या दोन ओळींवर जगातला कुठलाही वॉल्ट्झ बसतो. वरच्या चालीचे चार स्वर तरी पाठवा. बाकी मी जमेल ते करतो.

चार स्वर! म्हणून काल तुडीलला गेलो. आपला मोरू क्लॅरिनेटवाला आठवतो ना, मिशा पिळणारा? दारात त्याच्या पत्नी तुळजाबाई भेटल्या. मोरू गेला, दोन वर्षं झाली. कोणी कळवलं नाही आपल्याला. मी विचारलं, घरी कधी वाजवायचा का, तुमच्या कानावर एखादी चाल? त्या म्हणाल्या, "छे हो भावजी. घरात त्यांनी वाद्याची पेटी उघडलीच नाय कधी. म्हणायचे, इथं कोणाला काय कळतंय?" चहा दिला त्यांनी. मी तो कसाबसा प्यायलो आणि उठलो. सावित्री नदीच्या काठाने स्टँडकडे चालत येताना मोरूला मनातल्या मनात सणसणीत शिवी हासडली. मेल्या माणसाला शिवी देऊ नये, पण दिली.

आता एकच मार्ग. श्रुतिकाने मोबाइलमध्ये मिळतील तेवढे अनोळखी वॉल्ट्झ भरून दिलेत. मी तो घेऊन तुझ्याकडे येतो. एकेक वहिनींना ऐकवू. अठ्ठावीस नंबर आला की त्यांचा चेहराच सांगेल. अंधारात दगड मारायचा, दुसरं काय!

सुहास

—

वरची वाडी
१२ डिसेंबर २०२४

सुहास,

ये. उद्या येणारा आज ये. पोलादपूर स्टँडवरनं वाडीची जीप दुपारी सुटते, ती चुकवू नको. नायतर पायी चढ हाय नि तुझे गुडघे बासच्या वजनानं कधीच गेले असतील.

तिचं काय खरं नाय. भात बंद झाला. चमच्यानं पेज घेते, अर्धी बाहेर येते. मुंबईचा आमचा पोरगा सुनील येऊन गेला. आईजवळ बसला, माझ्याकडं बघितलं, पाटी पुढ्यात घेतली. खडू हातात धरून बसून राहिला.

काल एक झालं. ती बोटं मारत होती. म्हटलं कॅसेट नाय तर नाय, आपणच तोंडानं करून दाखवू. मी चक-चक सुरू केलं तर तिचा हात थांबला. एकदम थांबला. मला वाटलं चिडली, हे कसलं भसाडं गाणं. गप्प बसलो. थोड्या वेळानं पुन्हा बोटं सुरू. काय करू रे? चाळीस वर्षांत या बाईनं माझ्याकडं काय मागितलं नाय. आता मागते तर मला देता येत नाय, नि ती काय मागते ते पण धड कळत नाय. माझ्याइतका नालायक नवरा पंचक्रोशीत नसंल.

तू ये बाबा.

गोमाजी

—

बिरवाडी
२४ डिसेंबर २०२४

गोमाजीदादा,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. पोलादपूर एसटीच्या कंडक्टरच्या हातात देतोय, तो वाडीच्या जीपवाल्याला देईल. सुनीलला फोन लावला, तो म्हणाला समीक्षाचा मोबाइल वाडीत लागत नाही. म्हणून पत्र. मिळेल त्या क्षणी वाच, हातातलं काम टाकून वाच.

परवा मी आलो तेव्हा काय झालं ते तू डोळ्यांनी पाहिलंस. मी मोबाइल वहिनींच्या कानाशी धरला. एक वॉल्ट्झ, दुसरा, तिसरा, किती लावले कोण जाणे. एकेक काय सुंदर होता! त्यातला एखादा अठ्ठावीस नंबर असेलही, माझ्या बासच्या कानाला काय कळणार? वहिनींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. तू मला म्हणालास, "बंद कर, तिला नकोय." तुझा चेहरा मला बघवेना.

मग निघायच्या आधी मी पाटीवर लिहिलं, तू निदान तुझी ओळ तोंडाने म्हण, मी भरून घेतो, त्या परदेशी माणसाला पाठवू. तू खाटेच्या पायथ्याशी बसलास, डोळे मिटलेस आणि सुरू झालास. दादा, तुला कळत नाही, पण तू केवढ्यांदा ओरडत होतास! गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. मी मोबाइल उशीजवळ ठेवून दिला आणि समीक्षाने दिलेलं घावन खात बसलो.

आज सकाळी श्रुतिकाने ते कानात घालून ऐकलं. म्हणाली, "आजोबा, छान साथ केलीत हो. बास किती हळू धरलाय!" मी म्हटलं, कसला बास? माझं तोंड घावनाने भरलेलं होतं. तिने माझ्या कानात घातलं. मी ऐकलं आणि तिला पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं.

दादा, त्या वहिनी आहेत. तू चक-चक म्हणतोस आणि त्याच्या आधी, तुझ्या त्या गप्प जागी, दर खेपेला खालून येतं, "हूं." हूं, चक, चक. हूं, चक, चक. ठोक्याला ठोका. मधे तुला खोकला आला आणि तू थांबलास, तर त्याही थांबल्या. तू पुन्हा सुरू होणार, त्याच्या आधी त्यांनीच "हूं" करून तुला जागा दिली. इतका नेमका बास मी जन्मात वाजवला नाही. मास्तर असते तर मला काढून त्यांना भरती केलं असतं.

त्या कण्हत नाहीत रे. त्या पहिला ठोका देत आहेत. बोटांनी तुझी ओळ मारतात, तू वाजवावंस म्हणून. तू सुरू झालास की हात थांबतो, कारण मग त्याची गरज उरत नाही. चिडत नाहीत! आणि त्या हूं हूं करतात म्हणून आपण त्यांना गोळी देऊन झोपवतोय. आधी डॉक्टरांना विचार, पण समीक्षाला सांग, नुसत्या हुंकारासाठी गोळी नको.

तू डोळे मिटून वाजवलंस म्हणून तुला दिसलं नाही, आणि कान गेले म्हणून ऐकू आलं नाही. हे तुला ऐकवायला माझ्याकडे दुसरा मार्ग नाही. म्हणून लिहिलं.

तुझा
सुहास

—

वरची वाडी
१६ जानेवारी २०२५

सुहास,

तुझं पत्र त्याच दिवशी मिळालं. जीपवाल्यानं ते थेट माझ्या हातात दिलं. अंगणात उभ्या उभ्या वाचलं.

वाचता वाचता सगळं आठवलं. आता आठवून काय उपयोग म्हण. फॅमिली क्वार्टरात मी घरी सराव करायचो. मोरूसारखी मला लाज नव्हती. पण हॉर्नवाला एकटा सराव करणार कसा? पहिला ठोका कोणीतरी द्यायला पायजे. तू तुझ्या क्वार्टरात. मग मी हिला म्हणायचो, तू हूं म्हण, मी वाजवतो. ती परातीत तांदळाची भाकरी थापत हूं म्हणायची. मी चक-चक. पोरं झोपायची त्यावर. आमच्या घरात अठ्ठावीस नंबर एवढाच होता रे. मेसमधली ती चाल तिनं कुठं ऐकलीय? बायकांना तिथं कोण सोडत होतं? कॅसेट आणली तेव्हा पण एकदाच ऐकली नि म्हणाली, यात तुमचं कुठं ऐकायला येत नाय. मीच येडा. तिला गाणं नको होतं, नि मी तुला तुडीलपर्यंत पळवला.

डॉक्टरला विचारून समीक्षानं गोळी बंद केली. मी खाटेवर बसलो. डोळे उघडे ठेवले. आणि हात तिच्या गळ्याखाली ठेवला, छातीच्या वर, जिथं आवाज थरथरतो तिथं. कान गेले तरी हात हायत म्हटलं. तिनं बोटं मारली. मी सुरू झालो. आणि सुहास, हाताला लागला. हूं. माझ्या तळव्याखाली, अगदी बारीक, चिमणी धरल्यावर तिचं काळीज लागतं तसा. मग मी चक-चक. पुन्हा हूं. मला ऐकू आलं असतं तर एवढं नसतं आलं, जेवढं हाताला आलं. मी रडत होतो, तरी ताल सोडला नाय. ती माझ्याकडं बघत होती. ओळखत होती रे, पहिल्यापासून ओळखत होती.

मग रोज तेच. सकाळी पेज झाली की बसायचो. समीक्षा कामं टाकून दारात उभी राहायची. तिनं एकदा पाटीवर लिहिलं, "आई हसल्या." सुनील आला होता, त्यानं पण ऐकलं, नि बाहेर जाऊन तोंड धुऊन आला. मी तुझ्या वयनीला म्हणायचो, आवडी, त्या सुहासची नोकरी गेली बघ.

पण ठोका रोज बारीक होत चालला. मी माझा आवाज कमी करायचा म्हणत होतो, पण माझा आवाज केवढा हाय ते मला कुठं कळतंय? नुसता हात दाबून धरायचो. थांबवता येत असतं तर तेवढ्या हातानं थांबवलं असतं.

त्या तबकड्यावाल्या माणसाला श्रुतिकाकडनं कळव, नाव शोधायची आता गरज नाय. त्यानं कष्ट घेतले, त्याचं भलं होवो.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी सकाळी बसलो. हूं, चक, चक. हूं, चक, चक. ठोका लांब लांब पडत होता. मी तिच्यासाठी थांबायचो, ती यायची. पुन्हा थांबायचो, यायची. मग एकदा मी चक-चक केलं नि हाताखाली पुढचा ठोका आला नाय.

मी पुढं गेलो नाय. पहिला ठोका बासचा. समीक्षा आली, तिनं पाटीवर काहीतरी लिहून माझ्यापुढं धरलं. मी पाटीकडं बघितलं नाय. हात तिथंच ठेवून बसलो.

तिला नेली, तरी मी त्या खाटेपाशीच बसलेला. सगळे म्हणतात, आता उठा. अरे, पण तुला तर ठाऊक हाय, बास आला नाय तर हॉर्ननं थांबायचं असतं.

गोमाजी